तीन चाकांची वाटणी

जुन्या वस्तूंच्या बाजारात ‘ओरिजिनल’ या शब्दाला जेवढा मान आहे, तेवढा लग्नाच्या बाजारात मुलाच्या पगारालाही नसेल. ग्रामोफोन वाजत नसला तरी हरकत नाही, कर्णा ओरिजिनल हवा. घड्याळ बंद असले तरी चालेल, तबकडी ओरिजिनल हवी. मोटारसायकलीचे तर विचारूच नका. ती चालली नाही म्हणून कुणाचे अडत नाही. मात्र तिच्या अंगावरचा एकेक स्क्रू ज्या कारखान्यात ती जन्मली तिथलाच असला पाहिजे. हे शास्त्र मला २०२२ सालापर्यंत ठाऊक नव्हते. त्या वर्षी पुण्याहून आलेल्या एका गृहस्थांनी ते मला आमच्याच पडवीत, आमचाच चहा घेत समजावून सांगितले. त्यांनी अण्णांच्या मोटारसायकलीला दोन प्रदक्षिणा घातल्या, खिशातून भिंग काढून इंजिनावरचा नंबर वाचला, आणि डॉक्टर रुग्णाच्या नातेवाइकांना घेतो तसे मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाले, “गाडी उत्तम आहे हो, पण निम्मी डुप्लिकेट आहे.”

तो शब्द माझ्या मनातून काही केल्या जाईना. डुप्लिकेट म्हणजे नक्कल, आणि नक्कल व्हायची तर आधी कशाची तरी व्हावी लागते. अण्णांच्या गाडीतले जे भाग कारखान्यातले नाहीत ते कशाचीच नक्कल नाहीत. तिच्यातला पिस्टन तिच्याच सिलिंडरच्या मापाचा आहे. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही सिलिंडरात तो बसायचा नाही. साइडकारची तर गोष्टच सोडा. तसली साइडकार दुसऱ्या कुणी बांधली असेल, तर ती पाहायला मी पदरचे भाडे खर्चून जाईन.

वाचकांना आधी गाडीची ओळख करून द्यायला हवी. ‘बी.एस.ए.’ म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. नावावरूनच कळते की ही मूळची बंदुका करणारी कंपनी. १८६१ साली बर्मिंगहॅमच्या बंदूक-कारागिरांनी एकत्र येऊन ती काढली, ती यंत्रावर बंदुका करण्यासाठी. हाताने घडवलेल्या बंदुकीचा भाग दुसऱ्या बंदुकीला बसेलच असे नसे. यंत्रावर केलेल्या हजार बंदुकांचे भाग कुणाचेही कुणाला बसत. पुढे कंपनीने सायकली केल्या, मोटारसायकली केल्या, पण तिच्या बोधचिन्हात एकमेकींना टेकवून ठेवलेल्या तीन बंदुका तशाच उभ्या राहिल्या. दुसऱ्या महायुद्धात तिने सैन्यासाठी जी ‘एम-२०’ मोटारसायकल केली, तिची संख्या लाखाच्या वर गेली. एकच सिलिंडर, ८२ मिलिमीटर रुंदीचा. पिस्टनची धाव ९४ मिलिमीटर. एकूण ४९६ सी.सी. व्हॉल्व्ह बाजूला असलेले, सावकाश फिरणारे, युद्धकाळातले हलके पेट्रोल मुकाट्याने पिणारे इंजिन. पुढे गर्डर फोर्क, मागे स्प्रिंग म्हणून नाही. रस्त्यातल्या खड्ड्यांचा हिशेब सीटखालच्या दोन स्प्रिंगांनी आणि स्वाराच्या मणक्यांनी आपसांत चुकता करायचा.

युद्ध संपले आणि सैन्याचा माल लिलावात निघाला. त्याला सगळे ‘डिस्पोजलचा माल’ म्हणत. कुणी तंबू घेतले, कुणी जीप घेतली, कुणी नुसतेच बूट. अण्णांनी १९४९ साली ही मोटारसायकल घेतली. ते बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. रस्त्यांची कामे पाहायला त्यांना कोल्हापुराहून राधानगरी, गगनबावडा असे हिंडावे लागे. वय चोवीस, लग्न व्हायचे होते. म्हणजे आईच्या आधी ती घरात आली. आईने ही गोष्ट तिला शेवटपर्यंत विसरू दिली नाही.

पुढे दादा झाला, ताई झाली, मी झालो, आणि एका सीटवर पाच माणसे बसवण्याची विद्या अण्णांना अवगत नव्हती. १९५८ साली त्यांनी साइडकार बांधायला घेतली. सांगाडा पाण्याच्या लोखंडी नळांचा, वाकवून जोडलेला. वरची पेटी टांगे बांधणाऱ्या एका सुताराने केली, त्यामुळे तिचा घाट अगदी टांग्याचा आला. घोडा तेवढा शेजारी आडवा धावतोय असे वाटावे. गाद्यांत काथ्या भरला. स्प्रिंगसाठी एका मोडक्या जीपचे पाटे कापून घेतले. हे सगळे सोपे. अवघड काय ते साइडकार जोडणे. तिचे चाक मोटारसायकलीला अगदी समांतर ठेवून भागत नाही. पुढच्या बाजूने ते किंचित आत वळलेले असावे लागते, आणि मोटारसायकल स्वतः किंचित बाहेर कललेली. हे साधले नाही तर गाडी सारखी एका बाजूला ओढत राहते आणि दहा मैलांत स्वाराचे खांदे भरून येतात. अण्णा आणि मिस्त्री दोन सरळ फळ्या चाकांना टेकवून, दोरी लावून, जमिनीवर पालथे पडून तीन रविवार हे माप काढीत होते, अशी आईची साक्ष आहे.

साइडकारच्या गाडीला वळताना कलता येत नाही. आपल्याकडे ती डाव्या अंगाला असते, म्हणून डावीकडे जोरात वळले की साइडकारचे चाक जमीन सोडते. ती रिकामी असेल तर हमखास. यावर उपाय म्हणजे वजन. अण्णा एकटे निघाले की साइडकारमध्ये ज्वारीचे अर्धे पोते ठेवीत. घरची मंडळी असली की पोते काढून आईला बसवीत. आईच्या हे लक्षात यायला काही वर्षे लागली. त्यानंतर पन्हाळ्याच्या घाटात डावे वळण आले की ती मोठ्याने म्हणे, “पोतं ठीक बसलंय, चालू द्या!”

आता मुख्य गोष्ट. १९५७ साली देशापुढे परकीय चलनाचा पेच उभा राहिला आणि सरकारने आयातीवर कडक नियंत्रणे घातली. त्याआधीही विलायती सुटे भाग महाग होते, त्यानंतर ते दुर्मिळच झाले. इतर गावांत कित्येक गाड्या या सुमारास परसात जाऊन उभ्या राहिल्या असतील. कोल्हापूरचे तसे नव्हते. या जिल्ह्यात ऊस. उसाला पाणी हवे. पाणी उचलायला ऑइल इंजिने हवीत. त्या इंजिनांपायी शिवाजी उद्यमनगरात ओतकामाच्या भट्ट्या आणि लेथ यांची दाटी झाली होती. बीड ओतणारी, कातणारी, बोअर करणारी माणसे तिथे हाकेच्या अंतरावर होती. त्यांतल्या एका मिस्त्रींशी अण्णांची गाठ पडली आणि पुढची चाळीस वर्षे सुटली नाही. मिस्त्रींची शाळा चौथीत संपली होती. पण इंचाचा हजारावा भाग त्यांच्या अंगठ्याला कळत असे, म्हणजे अक्षरशः कळत असे. ते आधी अंगठा फिरवीत आणि मग मायक्रोमीटर लावून अंगठ्याचे खरे करीत.

अण्णांनी एक चोपडी घातली होती. गाडीसाठी जो भाग हाताने करून घेतला, त्याला क्रमांक. क्रमांकापुढे तारीख, भाग, कुणी केला, कशाचा केला, खर्च किती. मिस्त्रीही आपल्या हातच्या प्रत्येक भागावर, दिसणार नाही अशा जागी, तोच आकडा पंचाने ठोकीत. ही चोपडी आता माझ्याकडे आहे. क्रमांक ४, गिअरबॉक्सचा बुश, गनमेटल. क्रमांक ९, व्हॉल्व्ह, एका ट्रकचा व्हॉल्व्ह कातून. क्रमांक ११, सीटचे कातडे. ते कोल्हापुरी वहाणा करणाऱ्या कारागिराने बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेल्या चामड्याचे शिवले; पहिला पावसाळाभर त्याला नव्या वहाणांचा वास येई आणि अण्णांच्या विजारीलाही येई. क्रमांक १४, सिलिंडर हेडखालचे तांब्याचे गास्केट. त्यापुढे अण्णांच्या बारीक अक्षरात नोंद आहे: ‘आईचे घंगाळ. खर्च नाही.’ आजीचे घंगाळ बुडाशी चिरले होते. तांबटाने सांधून देतो म्हटले, पण अण्णांची नजर त्या पत्र्यावर गेली. हेड उघडले की दर वेळी ते गास्केट लाल होईपर्यंत तापवून पाण्यात विझवावे लागे, म्हणजे तांबे पुन्हा मऊ होऊन फटी बुजवते. लोखंड असे विझवले तर कडक होते, तांबे मऊ पडते. आजी म्हणे, “माझं घंगाळ अजून पाणी तापवतंय म्हणायचं!”

क्रमांक १७ हा पिस्टन. तो होताना मी स्वतः पाहिला. १९६६ ची दिवाळीची सुट्टी, मी नऊ वर्षांचा. सिलिंडर झिजला की तो किंचित मोठा बोअर करायचा आणि तेवढाच मोठा पिस्टन घालायचा, हा धर्म. पण मोठ्या मापाचा विलायती पिस्टन मिळेना. शेजारच्या काकूंना हे कळले तेव्हा त्यांनी मोठ्या मनाने अॅल्युमिनियमचे दोन चेपलेले डबे देऊ केले. मिस्त्री हसले. म्हणाले, “वैनी, भांड्याचं अॅल्युमिन मऊ असतंय. तापलं की फुगतंय आणि सिलिंडरात धरतंय. पिस्टनाला पिस्टनच वितळवाय पायजे.” पिस्टनच्या अॅल्युमिनियमात सिलिकॉन मिसळलेले असते, त्याने ते कमी फुगते आणि कमी झिजते, हे मला पुढे कॉलेजात कळले. मिस्त्रींना ते कुणी शिकवले होते कोण जाणे. त्यांनी भंगारातून ट्रकचे फुटके पिस्टन निवडून आणले होते.

आधी सागवानाचा पॅटर्न झाला. धातू निवताना आकसतो, म्हणून पॅटर्न त्या हिशेबाने मोठा करतात. शिवाय वरून कातायला मिस्त्री एक सूत माल जादा ठेवीत. पिस्टन आतून पोकळ, तेव्हा पोकळीसाठी वाळूचा वेगळा गाभा हवा. ती वाळू कशाने बांधली असेल? काकवीने! गुऱ्हाळातली काकवी वाळूत कालवून गाभा साच्यात दाबला आणि भट्टीशेजारच्या पेटीत भाजायला ठेवला. सगळ्या शेडमध्ये गोडसर करपट वास सुटला. मी तो गाभा चाटून पाहू का म्हणून विचारले, तेव्हा मिस्त्री गंभीरपणे म्हणाले, “चाट, पर दात मोजून घे आधी.” मग कोकच्या भट्टीत मूस लाल झाली. तिच्यात पिस्टन एकेक करून बसले, वितळले, वर राखाडी साय आली. ती पळीने काढली आणि खाली आरसा दिसू लागला. ओतताना कुणी बोलले नाही.

ओतणे हा निम्माच भाग. पिस्टन गोल असतो अशी आपली समजूत असते. तो गोल नसतो. डोक्याकडे तो किंचित बारीक, कारण तिथे आग जास्त लागते आणि तिथलाच धातू जास्त फुगतो. गजन पिनच्या दिशेने तो किंचित चपटा, कारण तिथे माल जाड. थंड असताना तो वाकडा आणि तापला की सरळ, अशी त्याची जात. कारखान्यांत यासाठी खास यंत्रे असतात. मिस्त्रींनी ते काम लेथ आणि बारीक कानस यांवर दोन दिवस बसून केले. दर पाच-दहा मिनिटांनी अंगठा, मग मायक्रोमीटर. शेवटी वजन. नवा पिस्टन जुन्यापेक्षा जड झाला तर क्रँकचा तोल जातो आणि इंजिन थरथरते. म्हणून मिस्त्री, अण्णा आणि मी, दोन पिस्टन रुमालात बांधून गुजरीत एका सराफाच्या दुकानी गेलो. सोन्याच्या काट्यावर ते काळे लोढणे ठेवताना सराफाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. तरी त्याने तोलून दिले, आणि मिस्त्री आतून थोडेथोडे खरवडून पुन्हा येत राहिले. चौथ्या खेपेला काटा मध्ये उभा राहिला. सराफाने विचारले, “घडणावळ किती लावली?” मिस्त्री म्हणाले, “अजून लावाय न्हाई. आधी पळू दे.”

ती पळाली. पेट्रोलचा कॉक उघडायचा, कार्ब्युरेटरचे बटण ओघळ येईपर्यंत दाबायचे, हँडलवरच्या कांड्याने ठिणगी मागे ओढायची, व्हॉल्व्ह उचलून पिस्टन योग्य जागी आणायचा आणि मग किक. एवढा संकल्प सोडल्यावर ती जी सुरू झाली ती ४५ वर्षे त्या पिस्टनवर चालली. मधे रिंगा तेवढ्या दोनदा बदलल्या. १९८३ साली माझे लग्न झाले आणि आमची ही कोल्हापूर स्टेशनवरून घरी आली ती त्याच साइडकारमधून, शालू सावरीत. डाव्या वळणावर आईने मागून रिक्षातून ओरडून सांगितले, “घाबरू नकोस गं, तुझ्यामुळेच ती सरळ आहे!”

२०११ साली रिंगेची खाच तडकली, सिलिंडरात ओरखडे पडले आणि गाडी थांबली. मिस्त्री आधीच गेले होते. अण्णा २०१८ साली गेले. मग घर गेले, सामान वाटले गेले, आणि जिची वाटणी होईना अशी ही एकच वस्तू उरली. तीन वारस आणि तीन चाके. पण माणशी एकेक चाक कुणी घेत नाही.

दादा पुण्याला असतो. तो म्हणाला, विकू आणि पैसे तिघांत वाटू. ते पुण्याचे गृहस्थ त्यानेच पाठवले होते. त्यांची योजना सरळ होती. सिलिंडरात नवा लायनर बसवायचा, बोअर पुन्हा ८२ मिलिमीटर करायचा, इंग्लंडहून त्या मापाचा पिस्टन मागवायचा, सीट, व्हॉल्व्ह, बुश सगळे बदलायचे आणि साइडकार काढून टाकायची. मग किंमत जवळजवळ दुप्पट. त्यांनी नियमही दाखवला. २०२१ साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत ‘व्हिंटेज’ गाड्यांची तरतूद केली आहे: पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली, मूळ स्वरूपात जपलेली, मोठे फेरफार न झालेली दुचाकी वा चारचाकी व्हिंटेज समजावी, तिच्या पाटीवर ‘व्ही ए’ ही अक्षरे असावीत, रोजच्या कामाला ती रस्त्यावर आणू नये. नियमात वाईट काही नाही. कारखान्यातून निघाली तशी एखादी गाडी कुणीतरी जपायलाच हवी, नाहीतर पुढच्या माणसांना मूळ रूप कळायचे कसे? पण तशा एम-२० जगात पुष्कळ आहेत. लाखाच्या वर निघाल्या होत्या. घंगाळाचे गास्केट असलेली एकच.

गमतीचा भाग असा की त्या गृहस्थांनी चोपडी मागून घेतली. त्यांना ती फार आवडली. काय काय बदलायचे याची यादी त्यांना आयती मिळाली! जो कागद मला गाडीची वंशावळ वाटत होता, तो त्यांना तिच्या व्यंगांचा तक्ता वाटला. दोघांचे वाचन अचूक होते.

याच सुमारास मिस्त्रींच्या नातवाची गाठ पडली. तो आता उद्यमनगरात संगणकावर चालणारी यंत्रे चालवतो. त्याने मला आणि हिला मोबाइलवर एक इंग्रजी चित्रपट दाखवला, २००५ सालचा ‘द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन’. ही म्हणाली, “हा कुठला म्हणायचा? पंजाबी?” तर इंडियन हे अमेरिकेतल्या एका मोटारसायकलीचे नाव, आणि माणूस न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला इन्व्हरकार्गिल गावी राहणारा बर्ट मन्रो. त्याने १९२० साली इंडियन स्काउट घेतली, ६०० सी.सी.ची. ती नवी असताना ताशी ५५ मैल जाई. पुढची चाळीसहून अधिक वर्षे हा गृहस्थ एका शेडमध्ये राहून तिचे भाग स्वतः करीत राहिला. जुने पिस्टन वितळवून, डबड्यांचे साचे करून नवे पिस्टन ओतले. ट्रॅक्टरच्या आसातून कनेक्टिंग रॉड कोरले. मोजायला चाकाच्या तारेचे मायक्रोमीटर केले. जे भाग फुटले ते त्याने फळीवर मांडून ठेवले आणि वर लिहिले की हा वेगाच्या देवाला नैवेद्य. १९६७ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर त्याने हजार सी.सी.च्या आतल्या त्या वर्गात ताशी १८३.५८६ मैलांचा विक्रम केला. पुढे २०१४ साली त्याच्या मुलाला बेरजेतली चूक सापडली आणि आकडा १८४.०८७ असा सुधारला गेला. चित्रपट संपल्यावर नातू म्हणाला, “काका, ह्येला कोण डुप्लिकेट म्हणंल?”

मन्रोचे काम वेगासाठी होते, अण्णांचे राधानगरीला जाऊन संध्याकाळी परत येण्यासाठी. दोघांची तुलना मी करणार नाही. मात्र मूस तीच, आणि तिच्यात घालायचा मालही तोच.

नातवाने सिलिंडर मोजला आणि दोन वाटा सांगितल्या. एक, लायनर घालून मूळ मापावर जायचे आणि विलायती पिस्टन बसवायचा. काम पक्के, त्रास कमी. दुसरी, ओरखडे जाईपर्यंत बोअर आणखी वाढवायचा आणि त्या मापाचा नवा पिस्टन ओतायचा. सिलिंडरच्या भिंतीत तेवढा माल अजून शिल्लक आहे. मी दादाला फोन केला. दादा बराच वेळ गप्प राहिला, आणि मग जे बोलला ते गाडीविषयी नव्हते.

“माझी इंजिनियरिंगची फी त्या गाडीनं खाल्ली,” तो म्हणाला. १९७० साली दादाला पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजात जायचे होते. अण्णा म्हणाले, जमणार नाही. दादाने कोल्हापुरातच डिप्लोमा केला, पुढे चांगली नोकरी केली, कधी तक्रार केली नाही. पण दर रविवारी पिस्टनवरचा कार्बन खरवडायला अण्णांच्या शेजारी बसणारा मुलगा तोच होता, आणि एवढी वर्षे त्याच्या मनात हा हिशेब होता. मला वाटते, त्या गृहस्थांना बोलावण्यात पैशापेक्षा हेच अधिक होते.

मी वाद घातला नाही. ताई मात्र गप्प बसणारी नाही. ती सांगलीहून आली, साइडकारचे दार उघडून आत बसली आणि तिथूनच तिने फोन लावला. “दादा, माझा तिसरा हिस्सा म्हणजे ही साइडकार. मी ती नेणार नाही, ठेवायला जागा नाही. पण विकायचीही नाही. तुला तुझं काय काढून न्यायचं ते ने.” आमच्या हिनेही ओट्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे दादाचा हिस्सा म्हणून देऊ केले, ओट्यावर नवा दगड बसवण्याचे तिचे सात वर्षांचे स्वप्न होते, हे वाचक भगिनींना निराळे सांगायला नको.

दादा डिसेंबरात आला. पैशाचे काही बोलला नाही. जेवण झाल्यावर चोपडी मागितली, चष्मा लावला आणि खिडकीशी बसून पहिल्या पानापासून वाचू लागला. १९६९ सालापाशी पेन्सिल घेऊन त्याने त्या वर्षीचा खर्च बेरजेला घेतला. ६१ रुपये. पुढचे पान १९७० चे. त्या पानावर एकही क्रमांक नाही. वर एवढेच लिहिले आहे: ‘गाडी बंद ठेवली आहे. फिरती सायकलने.’ खाली वर्षभराचे पान कोरे. ताई म्हणाली, “त्याच वर्षी धाकट्या आत्याचं लग्न झालं, दादा.” त्याने पान उलटले नाही. खूप वेळाने म्हणाला, “गगनबावड्याला सायकलने?” आणि मग, “त्या पोराची भट्टी कधी पेटते?”

सोमवारी आम्ही तिघे उद्यमनगरात गेलो. आता कोकऐवजी गॅसची भट्टी आहे आणि शेडमध्ये काकवीचा वास येत नाही. पण भिंतीवर खिळ्याला सागवानाचा काळा पडलेला पॅटर्न टांगलेला होता. त्यावर खडूने ‘बीएसए सायेब’ लिहिलेले. नातवाने तो कधी उतरवला नव्हता. आजोबांनी ठेवलेला सुताचा जादा माल आता कामी येणार होता. ट्रकचे जुने पिस्टन मुशीशेजारी मांडून त्याने माझ्या हातातल्या क्रमांक १७ कडे पाहिले. ‘ह्यो पण घालू?’ असे त्याने तोंडाने विचारले नाही. मी पिस्टन उलटा करून आतला आकडा पाहिला. एक आणि सात, सात थोडा तिरका. मी तो दादाच्या हातात दिला. दादाने नखाने कडेचा कार्बन थोडा खरवडला, जुन्या सवयीने, आणि चिमट्यात ठेवला.

ओतकाम झाले, लेथ झाला. अंगठ्याच्या जागी आता पडद्यावर आकडे येतात, तरी शेवटी नातवाने अंगठा फिरवलाच. गुजरीत जायची गरज उरली नव्हती, वजनाचा काटा शेडमध्येच होता. मग त्याने डब्यातून आजोबांचे पंच काढले, पिस्टन फडक्यात धरला आणि विचारले, “काका, नंबर कुठला मारू?”

मी सांगणार तेवढ्यात दादाने मांडीवरची चोपडी उघडली, शेवटच्या नोंदीवर बोट ठेवले आणि म्हणाला, “एकेचाळीस. थांब, आधी मी लिहितो.”